अडकलं की पहिल्यापासून

सावरटेक नावाच्या गावात सुखदेव नावाचा एक भोळा माणूस राहायचा, आणि तो मोबाइलची ॲपं बनवायचा. हसू नका. पूर्वी भोळी माणसं बैल विकायला बाजारात जायची, आता कॉम्प्युटरपुढे बसतात. भोळेपणा तोच, खुर्ची तेवढी फिरती आली.

हा सुखदेव आळशी म्हणाल तर मुळीच नव्हता. सांगितलेलं ऐकावं, असं त्याच्या आईने लहानपणी सांगितलं होतं, आणि ते त्याने ऐकलं होतं. एकदा आई म्हणाली, "कपडे वाळले की घेऊन ये रे." दिवस आषाढातले. हा दोरीखाली जाऊन बसला. कपडे वाळेनात, हा उठेना. शेवटी आईनेच ओले कपडे आणि ओला मुलगा दोन्ही घरात आणले.

पुढे त्याने तालुक्याला डिप्लोमा केला. सर सांगतील ते लिहायचं, एवढंच तिथे करायचं होतं, त्यामुळे चांगला पास झाला. गावात पिठाच्या गिरणीच्या माडीवर शर्वरीताई वाघचौरेंचं छोटंसं ऑफिस होतं. ताई पुण्याला शिकून आलेल्या, हुशार आणि जरा घाईच्या. खाली ज्वारी दळली जायची, वर ॲपं बनायची. ताईंनी सुखदेवला कामावर घेतलं, कारण तो सांगितलेलं ऐकतो असं सगळं गाव म्हणत होतं. त्यापुढचं गावाने काही सांगितलं नाही.

एक दिवस जिना चढून आबा कासार आले. आबा बांगड्यांचा धंदा करायचे. घरोघर जाऊन बांगड्या भरता भरता कुठे मुलगी लग्नाची आहे, कुठे मुलगा आहे, हे त्यांना बसल्या जागी कळायचं, आणि मग बांगडी मनगटावर चढायच्या आत ते सोयरीक सुचवून मोकळे व्हायचे. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं आबांनी जमवलेली. पण त्यांच्या स्वतःच्या कुंदाचं काही केल्या जमेना. दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक करायचं तर आबांची जीभ कशी लाह्या फुटल्यासारखी चालायची. स्वतःच्या मुलीचा विषय निघाला की बिचारे लाजायचे आणि चहा मागायचे.

"शर्वरी, पोरी," आबा म्हणाले, "सोयरीक जमवायचं एक ॲप करून दे. कुंदासाठी माझं तोंड उघडत नाही, तेवढं त्या फोनने बोलावं. तिचा हिरवा चुडा मी कधीचा डब्यात काढून ठेवलाय. रोज डबा उघडतो, बघतो, परत झाकतो. तो एकदा तिच्या हातात भरला म्हणजे मी सुटलो बघ."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सुखदेवच्याही आलं. तो म्हणाला, "आबा, तुम्ही काही काळजी करू नका. मी आहे ना."

आबांनी खरं म्हणजे तिथेच काळजी करायला हवी होती.

ॲप तयार झालं. नाव ठेवलं ‘सोयरीक’. वर फोटो, मधे माहिती, खाली दोन बटणं. डावीकडे ‘पसंत नाही’, उजवीकडे ‘पसंत आहे’. सुखदेवचा स्वतःचा फोन पाटाएवढा मोठा. त्यावर सगळं झकास दिसलं. गावातल्या लोकांचे फोन मात्र लहान. त्यांच्या फोनवर ‘पसंत आहे’ हे बटण उजव्या कडेच्या बाहेर गेलं. लोक कडेवर बोट आपटून आपटून दमले, बटण काही लागेना. ‘पसंत नाही’ मात्र लोण्यासारखं दाबलं जाई. आठवडाभरात पंचक्रोशीतल्या सगळ्यांनी सगळ्यांना नापसंत केलं. कुंदाला तर तिच्या सख्ख्या मावशीने नापसंत केलं. मावशीला नुसता फोटो मोठा करून बघायचा होता.

ताई म्हणाल्या, "अरे सुखदेवा, सगळ्यांचे फोन तुझ्यासारखे नसतात. कडेला काही चिकटवून ठेवू नये. कुठलीही गोष्ट ठेवली की तिच्या चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची. कळलं?"

"कळलं, ताई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं. सगळा घोटाळा तिथेच होता. सुखदेवच्या लक्षात राहायचं.

त्याने बटणं जागेवर आणली. मग तो विचार करत बसला. ताई म्हणाल्या, कुठलीही गोष्ट. बटण ही गोष्ट, तशी अक्षर ही पण गोष्टच. बटणांनी ऐसपैस बसायचं आणि अक्षरांनी दाटीवाटीने उभं राहायचं, हा कुठला न्याय? त्याने प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली. स्क्रीनवर स्वतःचं बोट आडवं ठेवून, उभं ठेवून, अगदी मनापासून सोडली.

दुसऱ्या दिवशी आबांनी फोन उघडला. स्क्रीनवर ‘कुं’ दिसलं. त्यांनी सरकवलं. ‘दा’ दिसलं. ‘कासार’पर्यंत पोचेतो आबांचा अंगठा भरून आला. बाकीची स्थळं नावातच थकली. कुंदाच्या शिक्षणापर्यंत एकच माणूस पोचला, तो निवृत्त पोस्टमन होता आणि त्याचं लग्न होऊन नातवंडं झाली होती.

ताई म्हणाल्या, "अरे देवा! लोक लग्न जमवायला बसलेत, पारायणाला नाही! अक्षरं जवळ घे आधी. आणि मजकूर लांबला तर सरळ कापायचा. एका ओळीत मावेल तेवढा ठेवायचा, पुढे तीन टिंबं द्यायची. कळलं?"

"कळलं, ताई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं. सुखदेव कापायला बसला. कापताना त्याच्या जिवावर येत होतं, कारण आबांनी एकेकाबद्दल फार प्रेमाने लिहून दिलं होतं. पण सांगितलं ते सांगितलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘मुलगा दारू पीत नाही’. ओळीत मावलं ‘मुलगा दारू पीत...’. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, ‘मुलीच्या माहेरून सासूला त्रास होणार नाही’. मावलं ‘मुलीच्या माहेरून सासूला त्रास...’. आणि कुंदाच्या नावाखाली, आबांनी लाजत लाजत, खोडून खोडून लिहिलं होतं, ‘स्वभावाने रागीट नाही’. मावलं ‘स्वभावाने रागीट...’.

आबा धापा टाकत जिना चढले. "सुख्या, अरे माझी पोर कधी मांजरावर ओरडली नाही! अख्खी बांगड्यांची पेटी पडून फुटली, तरी ‘असू दे’ म्हणाली! आणि तू तिला रागीट म्हणतोस? आता कोण करतंय तिला?"

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. पलीकडून खडकवाडीचे एक काका बोलत होते. "मुलगी खरंच रागीट आहे का हो?"

आबा चाचरत म्हणाले, "त्याचं असं आहे..."

"नाही म्हणू नका!" काका गयावया करत म्हणाले. "आम्हाला तशीच पाहिजे. आमचा पुतण्या भास्कर, सोन्यासारखा मुलगा. पण त्याला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. लग्नकार्याला भांडी भाड्याने द्यायचं दुकान आहे त्याचं. लोक पातेली नेतात, परत आणत नाहीत, हा मागत नाही. परवा एक जण आला आणि दुकानाची पाटी मागितली, हा ती पण उतरवून देऊन बसला. घरात एक तरी रागावणारं माणूस नको का?"

आबांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "रविवारी या. बघून जा."

फोन ठेवला आणि आबांनी सुखदेवच्या पाठीवर थाप मारली. ताईंनी मात्र त्याला सोडलं नाही. "या खेपेला नशीब म्हणायचं. पण तू अर्धवट दाखवलंस म्हणून हे झालं. यापुढे अर्धवट काहीही दाखवायचं नाही. सगळं तयार झाल्याशिवाय माणसाला आत सोडायचं नाही. तोवर स्क्रीनवर चक्र गोल फिरत ठेवायचं, म्हणजे लोक धीर धरतात. कळलं?"

"कळलं, ताई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं.

रविवारी मुलगी बघण्याचा कार्यक्रम. सुखदेवच्या ॲपमुळे स्थळ आलं, म्हणून आबांनी त्याला मुद्दाम बोलावलं आणि दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभं केलं. सुखदेवने आधी आत डोकावून बघितलं. कांदा परतून झाला होता, पोहे अजून भिजत होते. सतरंजी निम्मी उलगडलेली. कुंदाच्या एका हातात बांगड्या होत्या, दुसरा हात मोकळा. सगळंच अर्धवट!

एवढ्यात जीप थांबली. काका उतरले, काकू उतरल्या, आणि मागून सगळ्यांची माफी मागत भास्कर उतरला.

"राम राम," सुखदेव दारात आडवा हात धरून म्हणाला. "आत अर्धवट आहे. तोवर गोल फिरा."

"गोल? कुठे?" काका म्हणाले.

"घराभोवती. त्याने धीर धरता येतो."

भास्करला नाही म्हणता येत नव्हतं. तो निघाला. नवरा मुलगाच निघाला म्हटल्यावर काका निघाले, काकांमागे पदर सावरत काकू निघाल्या. घरामागे शेणाचा खड्डा होता. पहिल्या फेरीत काकूंची एक चप्पल तिथे गेली, दुसऱ्या फेरीत दुसरी गेली. आत आबांना खिडकीतून पाहुणे जाताना दिसले, मग परत जाताना दिसले. त्यांना वाटलं, माणसं चौकस आहेत, घर चारी बाजूंनी बघून घेतायत.

कुंदाही खिडकीशीच उभी होती. तिला भास्कर दिसला आणि गेला. परत दिसला, तेव्हा त्याच्या हातात काकूंच्या चपला होत्या. तिसऱ्यांदा तो खिडकीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "माफ करा हं, मी परत आलो." कुंदाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. पोहे पुढे थंडगार झाले, पण दोन्हीकडून पसंती झाली आणि लग्नाची तारीख ठरली.

ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवतात का कधी? नवा आला की लगेच आत घ्यायचा! मागचं काय ते मागाहून आवरता येतं. कळलं?"

"कळलं, ताई. आता लक्षात राहील."

आणि राहिलं. सोमवारी तो ॲपपुढे बसला. त्यात पूर्वी एका माणसाची स्क्रीन निघून जायची, मग दुसऱ्याची यायची. म्हणजे दुसरी बिचारी दारात ताटकळायची. सुखदेवला फार वाईट वाटलं. त्याने नवी स्क्रीन लगेच आत घेतली. जुनी गेली आहे की नाही, ते मागाहून बघू.

त्या दिवशी खडकवाडीत काकूंनी कौतुकाने शेजारणीला सून दाखवायला ॲप उघडलं आणि किंचाळल्या. नुकतंच एका निवृत्त फौजदाराने आपलं नाव नोंदवलं होतं. त्याची स्क्रीन येऊन कुंदाच्या स्क्रीनवर बसली होती. कुंदाच्या नाकाखाली भरघोस मिशा. कपाळावर टिकली, टिकलीवर पोलिसाची टोपी. उंच्या दोन, जन्मतारखा दोन.

"अहो, मुलीला मिशा आहेत!" काकू ओरडल्या.

काकांनी फोन भास्करच्या हातात दिला. भास्करने बराच वेळ बघितलं. खिडकीतली कुंदा त्याच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. तो म्हणाला, "असू देत. छान रागीट दिसते."

इकडे ताईंनी सुखदेवला समोर बसवलं. त्याच्या हातातला चहा काढून घेतला, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. "हे बघ. एकीवर दुसरी स्क्रीन चढवायची नाही. जुनी आधी डावीकडे सरकवून बाहेर न्यायची, मग नवी उजवीकडून आत आणायची. आणि सरकवताना मधेच कुठे अडकलं, तर ओढाताण करायची नाही. गुपचूप पहिल्या स्क्रीनवर न्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. कळलं?"

"कळलं, ताई. आता लक्षात राहील."

"नक्की?"

"नक्की."

ताईंनी त्याचा चहा त्याला परत दिला.

लग्नाचा दिवस उजाडला. आबांनी आपल्या हाताने कुंदाला हिरवा चुडा भरला. जन्मभर हजारो मनगटं धरलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी एकेक बांगडी दोनदा मोजून भरली. चुडा भरून झाला तरी रिकामा डबा त्यांना खाली ठेववेना. तो काखेत मारून ते मंडपभर फिरत होते.

मंगलाष्टकांची वेळ झाली. नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरायचा होता. एक टोक गुरुजींनी घेतलं. आबा म्हणाले, "दुसरं टोक सुखदेवच्या हातात द्या. त्याच्यामुळे हा दिवस दिसला."

"आबा, नको," ताई घाईघाईने म्हणाल्या.

"अगं, कापड तर धरायचंय. त्यात काय बिघडणार आहे?"

सुखदेवने टोक धरलं. खरंच छान धरलं, जरा म्हणून हलू दिलं नाही. एका बाजूला भास्कर, डोक्यावर मोठा फेटा. दुसऱ्या बाजूला कुंदा, हातात हार, नजर खाली. शेवटचं ‘शुभ मंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या, ताशा कडाडला. सुखदेवने आपलं टोक सोडलं आणि गुरुजींनी अंतरपाट ओढला. येईना. भास्करच्या फेट्याला पिन होती, तिच्यात कापड गुंतलं होतं. गुरुजींनी पुन्हा हिसका दिला. फेटा वाकडा झाला, अंतरपाट आला नाही.

"अरे, अडकलं की!" गुरुजी म्हणाले.

सुखदेवचे कान टवकारले. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो ताईंनी तिसऱ्या रांगेतून बघितला आणि त्या ताडकन उठल्या. "सुखदेवा, नको! थांब!" पण ताशापुढे कोण कुणाचं ऐकतो?

सुखदेवने भास्करचं मनगट धरलं. "चला, भास्करराव. डावीकडून."

"कुठे?"

"पहिल्या स्क्रीनवर. अडकलं की ओढाताण करायची नाही."

भास्करला नाही म्हणता आलं नाही. तो पाटावरून उतरला आणि अंतरपाटासकट डावीकडून निघाला. कुणीही त्यांना अडवलं नाही. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडची रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडची असेल. गुरुजींना वाटलं, दोन्हीकडची असेल, आपण कशाला मधे बोला. फोटोवाला तर म्हणाला, "जरा सावकाश चाला, चेहरा इकडे," आणि पुढे पुढे उलटा चालत शूटिंग करू लागला. मंडपाबाहेर सुखदेवची मोटारसायकल होती. दोघे बसले आणि गेले. मागे अंतरपाट फडफडत होता.

इकडे कुंदाने हार उचलून वर बघितलं. समोर रिकामा पाट.

मग एकच गोंधळ. काका आबांना विचारतायत, आबा काकांना विचारतायत. गुरुजींनी घड्याळ बघून मान हलवली. आबा मटकन खाली बसले. रिकामा डबा मांडीवर घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, "शर्वरी, आता हा चुडा परत उतरवायचा का गं?"

हे कुंदाने ऐकलं. आणि जी कधी मांजरावर ओरडली नव्हती, जी फुटलेल्या पेटीला ‘असू दे’ म्हणाली होती, तिने पदर खोचला. हातातला चुडा खणकन वाजला. आबांचा जन्म बांगड्यांचे आवाज ऐकण्यात गेला होता, पण असला आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"बाबा, उठा," कुंदा म्हणाली. "गुरुजी, तुम्हीपण उठा. ताई, गाडी काढा."

"अगं, पण मुहूर्त..." गुरुजी म्हणाले.

"मुहूर्ताचं मी बघते!"

मोटारसायकल खडकवाडीच्या रस्त्याला लागलेली फोटोवाल्याने बघितली होती. नवरीच वरात घेऊन निघाली. पुढे ताईंच्या स्कूटरवर कुंदा, मागे जीप, टेम्पो, ताशेवाले आणि जेवणाची पातेली.

तिकडे सुखदेव मोटारसायकलवर हिशोब करत चालला होता. लग्नाआधी काय? साखरपुडा. त्याआधी? मुलगी बघणं. आणि त्याच्याही आधी? भास्कररावांनी आपल्या ओट्यावर बसून ॲपमध्ये नाव नोंदवलं, ते. झालं तर मग, हीच पहिली स्क्रीन! खडकवाडीला पोचल्यावर त्याने भास्करला फेट्यासकट ओट्यावर बसवलं आणि फोन उघडला.

"नाव?"

भास्करने सांगितलं.

"उंची?"

तीपण सांगितली. नोंदणी झाली. ॲपने पहिली मुलगी दाखवली. सुखदेवने विचारलं, "पसंत?"

भास्कर घुटमळला. समोर मुलीचा फोटो, त्यात ती बिचारी हसत होती. "नाही" कसं म्हणायचं? "आहे," तो म्हणाला. बटण आता अगदी योग्य जागी होतं, पटकन लागलं. मग दुसरी मुलगी आली. "पसंत?" "आहे की." मग तिसरी.

पंचक्रोशीतल्या मुलींच्या बापांचे फोन वाजले. इतके महिने नुसती नापसंती खाल्लेली माणसं ती! ‘पसंत आहे’ वाचून काहींना रडू कोसळलं. कुणी जीप काढली, कुणी शेजाऱ्याची मोटारसायकल मागितली, आणि सगळे तडक खडकवाडीत हजर झाले.

सुखदेवला शिकवलेलं एकूण एक लक्षात होतं. नवा माणूस आला की त्याने त्याला लगेच उजव्या दाराने आत घेतलं. एकावर एक चढायला नको, म्हणून आधीच्याला डाव्या दाराने बाहेर काढलं. आणि चहा अजून उकळायचा होता, म्हणजे सगळं अर्धवट होतं, म्हणून बाहेर आलेल्याला गोल फिरायला लावलं. फिरून तो परत उजव्या दाराशी आला की पुन्हा नवा धरून आत घेतला. कुठेही काही अडकत नव्हतं. सुखदेव उंबऱ्यावर उभा राहून डोळे भरून बघत होता. इतकं सुरळीत त्याचं ॲपसुद्धा कधी चाललं नव्हतं.

ताईंची स्कूटर दारात थांबली. कुंदाने बघितलं. घराभोवती सात-आठ बाप रांगेने गोल फिरतायत. ओट्यावर तिचा नवरा, फेट्याला अंतरपाट लोंबतोय, आणि तो फोनकडे बघून म्हणतोय, "हीपण पसंत."

"थांबा सगळे!" कुंदा गरजली.

बाप जागच्या जागी थांबले. ताशा थांबला. आत चहाचं उकळणंही थांबलं असं नंतर लोक सांगायचे, पण तेवढं काही मी खरं धरत नाही.

"आणि सुखदेवभाऊ, तुम्ही! आहात तिथेच उभे राहा. तसूभरही हलायचं नाही!"

"बरं," सुखदेव म्हणाला.

भास्कर ओट्यावरून उठला होता. लाल झालेल्या कुंदाकडे तो टक लावून बघत होता, आणि त्याचा चेहरा फुलला होता. "काका," तो म्हणाला, "बघा तरी. माहिती बरोबर होती."

गुरुजींनी पंचांग चाळलं, कुंदाकडे बघितलं आणि लगेच एक मुहूर्त सापडला. अंगणात पाट मांडले. अंतरपाट फेट्यालाच होता, तो ताईंनी पिन काढून सोडवला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. जमलेल्या बापांनी अक्षता टाकल्या. ‘सावधान’ म्हटल्यावर या खेपेला सगळ्यांनी सुखदेवकडे बघितलं. तो जागचा हलला नव्हता. आबांनी रिकामा डबा उंच धरून ताशाच्या तालावर नाच केला.

लग्न लागलं. आता नवरीने घरात पाऊल टाकायचं. काकूंनी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. पण उंबऱ्यावर सुखदेव होता. कुंदाने सांगितल्याप्रमाणे, आहे तिथेच. भास्कर आणि कुंदा हातात हात घेऊन पुढे आले आणि थांबले. मागून गर्दी लोटत होती. मागच्या मागे कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढे का जाईनात? काय अडकलंय?"

ताईंनी डोळे मिटले.

सुखदेवने भास्करचं मोकळं मनगट धरलं. "चला, भास्करराव. पहिल्यापासून."

भास्करचा एक हात सुखदेवच्या हातात, एक कुंदाच्या हातात. कुंदा नुसती त्याच्याकडे बघत राहिली. भास्करने तिच्या चुड्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही."

काकांनी हंबरडा फोडला. "म्हणाला! पोरगं ‘नाही’ म्हणालं हो!" काकू देवापुढे दिवा लावायला धावल्या, त्या मागच्या दाराने. भास्करने सुखदेवला काखांत धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. कुंदाने माप ओलांडलं. आबा ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते आणि हसत होते.

सुखदेवने भास्करकडे आदराने बघितलं. एवढा मऊ माणूस, पण एका शब्दात सगळं सुरळीत केलं. "बरं," तो म्हणाला. "आता लक्षात राहील."

आणि राहिलं. सोमवारी ताई जिना चढून ऑफिसात आल्या, तेव्हा सुखदेव हात पुसत बसला होता. ॲप तयार होतं, सगळ्या फोनांवर धाडलेलंही होतं. कुठे काही कडेबाहेर गेलं नव्हतं, कापलं गेलं नव्हतं, एकावर एक चढलं नव्हतं. वर फोटो, मधे माहिती, खाली दोन बटणं, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून. डावीकडे ‘नाही’. उजवीकडे ‘नाही’.